डेन्झिलदादाने पाठवलेली दुर्बीण

प्रिय डेन्झिलदादास,

धाकट्या व्हर्लनचा नमस्कार. पत्राची सुरुवात समोरच्याच्या प्रकृतीपासून करावी असं आईने आपल्या दोघांना शिकवलं होतं, म्हणून विचारतो. तुझा गुडघा कसा आहे? ज्या गुडघ्यापायी तुला हंगामाच्या पहिल्या दिवशी डोंगर चढता आला नाही आणि ट्रकपाशी खुर्ची टाकून कॉफी पीत बसावं लागलं, तो ओहायोची हद्द लागताच बरा झाला असेल अशी आशा करतो. वहिनींना नमस्कार सांग. तुझी भावजय लिओटा ठीक आहे, म्हणजे बोलतेय. मीही ठणठणीत आहे. तुझ्या जावयाची, श्रीयुत ब्राइस यांची, प्रकृती मी विचारत नाही. ज्याच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर बाबांची बंदूक लटकतेय त्याला काय धाड भरली आहे!

रागावलोय असं समजू नकोस. मी रागावलेलो नाही. लिओटा म्हणते की गेले तीन आठवडे मी जेवताना ताटाशी भांडतोय, पण तिला प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायची सवय आहे. मी फक्त शांतपणे, मुद्देसूद, काय झालं ते लिहून काढायचं ठरवलंय, कारण त्या दिवशी तू खुर्चीत होतास आणि तुला वरचं काही दिसलं नाही. (खालचं तरी कितपत दिसलं देव जाणे. कॉफी तू कपाच्या बाहेर ओतत होतास.)

बाबांचा नियम तुला नव्याने सांगायची गरज नाही, पण ओहायोत राहून माणसं काय काय विसरतात म्हणून सांगतो. बंदूक कोणाच्या मालकीची नाही. ऑगस्टमध्ये खारींचा हंगाम उघडतो त्या शनिवारी घरातल्या सगळ्यांनी हिकरीच्या झाडांच्या उतारावर जायचं, आणि ज्याच्या खारी सगळ्यात स्वच्छ निघतील त्याच्या भिंतीवर ती बंदूक वर्षभर राहायची. स्वच्छ म्हणजे गोळी डोक्यात, मांसाला धक्का नाही. निकाल व्हेस्टा आत्याचा, कारण सोलते ती, रस्सा करते ती, आणि दाताखाली शिसं आलं तर शिव्याही तीच घालते. (डोक्यातच गोळी हवी म्हणते आणि मग अंड्यात घालायला मेंदू शाबूत मिळत नाही म्हणून कुरकुरतेही तीच. मेंदू खाऊ नका असं सांगणारे दोन डॉक्टर तिने कबरीत पोचवले, ती आहे तशी आहे.) हा नियम बाबांनी काढला तो त्यांनी स्वतः बंदूक खाली ठेवली त्या वर्षी. त्याआधी जन्मभर ती त्यांच्याच खांद्याला होती. एका सकाळी म्हणाले, मला आता कंटाळा आला, पोरांनो तुम्ही मारा, मी झाडाखाली बसतो. तेव्हापासून ती दोनतीन वर्षं तुझ्याकडे आणि बाकी सगळी वर्षं माझ्याकडे होती. पण तुझ्याकडे असतानासुद्धा आईच्या घरातल्या खुंटीवरच होती. हे खोरं सोडून ती कधी गेली नाही. आता गेली. तिथे तिच्याखाली गालिचा आहे म्हणे. ब्राइसला चांगलं वाटावं म्हणून सांगतो, त्या बंदुकीला गालिच्याची सवय नाही.

आता ही बंदूक माझ्या हातून गेली कशी, याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुर्बीण. तुझी.

वसंतात तुझं खोकं आलं तेव्हा मला भरून आलं होतं, ते मी मागे घेतो. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस की आता साठीचे डोळे झाले, नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीवरून नेम धरायचे दिवस गेले, ही बंदुकीवर चढव, मला काही तिचा उपयोग नाही. (खोकं एकदा उघडून परत चिकटवलेलं होतं आणि दुर्बिणीच्या अंगावर ओरखडे होते, म्हणजे तू ती वापरून झाल्यावर मला दिलीस. मी तेव्हा बोललो नाही. भेट दिलेल्या घोड्याचे दात मी मोजत नाही, पण हा घोडा आंधळा निघाला.) केवढी ती दुर्बीण! बंदुकीवर चढवली तेव्हा बंदूक दुर्बिणीला टांगलीय असं वाटायचं. शेजारच्या फ्लॉइडने कुंपणावरून विचारलं, चंद्रावरच्या खारी मारायच्यात का. अठरा पट मोठं दिसतं म्हणे. अरे, खार ही आपल्या तळहाताच्या दीडपट, बसते पंचवीस यार्डावर, तीही पानांच्या आत. तिला अठरा पट करून मी काय तिचे दात घासणार होतो?

पहिलं संकट गालाचं. त्या बंदुकीचा दस्ता उघड्या माशीच्या हिशेबाने खाली उतरता कोरलेला आहे. गाल टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. तुझी दुर्बीण बसली वर, माळ्यावर. गाल टेकला तर डोळ्यासमोर दुर्बिणीचा लोखंडी पोटभाग. दुर्बिणीतून बघायचं तर गाल उचलून हनुवटी टेकवायची, आणि मान हवेत, दुकानात काचेपलीकडचे भाव वाचणाऱ्या म्हातारीसारखी. मी दस्त्याला लोकरीचा मोजा गुंडाळला. मग दुसरा. मग लिओटाचं गरम भांडी धरायचं कापड. तिने ते रविवारी शोधलं आणि बंदुकीवर सापडलं, त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

दुसरं संकट त्या पटींचं. कुंपणाच्या खांबावर डबा ठेवून मी दुर्बीण पूर्ण अठरावर नेली आणि नेम धरला. डबा उड्या मारायला लागला. धप, धप, धप. मला वाटलं वारा आहे. मग कळलं की ते माझं काळीज आहे. म्हणजे या दुर्बिणीचा एवढा फायदा मान्य करतो, की माणूस जिवंत आहे की नाही ते तिच्यात कळतं. श्वास घेतला तर डबा वर, सोडला तर डबा खाली, आणि डोकं केसभर हललं की सगळं काळंकुट्ट. पट जितकी वाढवावी तितकं बघायचं भोक बारीक होत जातं, हे तू चिठ्ठीत लिहिलं असतंस तर तुझी शाई संपली नसती.

आणि तिसरं, जे मी तुला मे महिन्यात फोनवर सांगितलं होतं. दुर्बिणीतली उभी तार वाकडी आहे. आडवी त्यातल्या त्यात बरी, पण उभी मधोमध पोट काढून उजवीकडे वळते, आणि जिथे दोन्ही एकमेकींना छेदतात तिथे काचेवर कोणीतरी लोण्याचं बोट लावल्यासारखं वाटतं. मी काच पुसली. लिओटाच्या चष्म्याच्या कापडाने पुसली. डाग आतच आहे. फोनवर तू काय म्हणालास ते मला आठवतंय. तू बराच वेळ काही बोललाच नाहीस. मग म्हणालास, पट कमी करून बघ. आणि लगेच फोन वहिनींना दिलास. सदोष माल गळ्यात मारणाऱ्याने असंच करायचं असतं.

खरं सांगायचं तर या वर्षी मला सगळीकडे वाकडंच भेटतंय. हर्शेल सुताराने कोठीच्या खोलीला नवी चौकट बसवली. सुतार बघतात तसं मी एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं, आणि उभा खांब मधोमध फुगलेला. हर्शेलने ओळंबा लावून दाखवला. मी म्हटलं तुझा ओळंबाही वाकडा. दोघंही साठीच्या पुढचे आणि त्या कोठीसमोर एकमेकांचे शर्ट धरून उभे. अजून तो माझ्याशी बोलत नाही. पण आपल्या घराण्यात वाकडं खपवून घेत नाहीत. बाबांनी नाही का चर्चचा सुळका कललाय म्हणून पाद्रीबाबांशी वर्षभर भांडण केलं, आणि शेवटी मागच्या बाकावर बसायला लागले? त्यांच्या नजरेतून रेषभर चूक सुटायची नाही. ती नजर मला मिळालीय एवढा मला अभिमान आहे.

असो. शनिवार उजाडला. हिकरीच्या उतारावर सालपटांचा सडा पडत होता, तुला आठवत असेल तो आवाज, वरून कोणीतरी सावकाश मूठमूठ वाळू सोडतंय असा. खारी वर बसून हिकरीची फळं कुरतडत होत्या. मी बाबांच्या झाडाला पाठ टेकून बसलो. एक खार समोरच्या फांदीवर अगदी आरामात, पाठीला ऊन घेत. बंदूक उचलली. दुर्बिणीत साल. नुसती साल, डोंगराएवढी. डावीकडे नेली तर एक पान, चादरीएवढं. उजवीकडे नेली तर पुन्हा साल. मी बंदूक खाली करून पाहिलं, खार तिथेच. परत वर, परत साल. शेवटी एकदाचं काहीतरी चकचकीत काळं दिसलं, परातीएवढं, आणि मी दचकलो. तो तिचा डोळा होता. ती माझ्याकडे बघत होती. धुरकट, कडा नसलेली खार, त्यावर तुझी पोट काढलेली तार, आणि मधोमध तो लोण्याचा डाग, नेमका तिच्या डोक्यावर. डोकं डागात गेलं की डोकंच नाही. मी अंदाजाने चाप ओढला. सालीचा तुकडा उडाला. खार पळालीसुद्धा नाही. शेपटी हलवून मला वरून खाली इतकं बोलली की मला व्हेस्टा आत्या झाडावर चढल्याचा भास झाला. असं सहा वेळा. सकाळभरात एक खार मिळाली, तीही पोटात गोळी लागलेली. ती मी जॅकेटच्या खिशात घालून खाली आणली. मला लाज वाटली, दादा. खारीची सुद्धा वाटली.

खाली काय तमाशा झाला तो तुझ्यासमोरच झाला. ब्राइसच्या चार खारी फळीवर ओळीने, चारींना कानामागे एकेक भोक. आत्याने माझी हातात घेतली, उलटी केली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "ही कोणी चावून मारलीय?" आणि मग तुझा जावई, ज्याला पाच वर्षांपूर्वी हिकरी आणि ओक यांतला फरक कळत नव्हता, तो सगळ्यांसमोर माझी समजूत काढायला बसला. काय तर पॅरॅलॅक्स. "काका, तुमची चूक नाही. ही दुर्बीण हरणाच्या शिकारीची. दीडशे यार्डावर लावून ठेवलीय. पंचवीस यार्डावरची खार आणि आतली फुली एका पातळीवर येत नाहीत. मग डोळा जरासा इकडेतिकडे झाला की फुली खारीवरून सरकते. अर्धा इंच सरकली तरी खारीचं डोकं संपलं. माझी बघा, साधी चार पटीची, मुळातच जवळच्यासाठी केलेली. तुम्ही फक्त डोळा मधोमध ठेवा." त्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे खार जाग्यावर होती, आणि व्हर्लनचं डोकं जाग्यावर नव्हतं. हे मला तो जन्मल्यापासून माहीत आहे." सगळे हसले. तू नाही हसलास, हे मी पाहिलं. तू कप चाचपत होतास. मला वाटलं, चला, याला निदान लाज तरी वाटतेय.

मग ब्राइसने बंदूक उचलली. मी स्वतः तिच्यावरचे मोजे सोडले, दुर्बीण काढून घेतली आणि त्याच्या हातात दिली. गाडी वळणावरून जाईपर्यंत मी हात हलवत होतो. भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आता लिओटाने एप्रन टांगलाय.

हरलो तरी मी मूर्ख म्हणून राहणार नाही. मी तो पॅरॅलॅक्स शिकायचा ठरवला. (गाडीत शेजारी बसून लिओटा वेगाचा काटा बघते, तिला पन्नास दिसतो आणि मला पंचावन्न. ती म्हणते गाडी ढकलतोयस का, मी म्हणतो दंड तू भरणार का. काटा एकच, बसायच्या जागा दोन. संसारभर आम्ही ज्याच्यावरून भांडलो त्याला एवढं मोठं नाव आहे हे कळल्यावर बरं वाटलं.) दुर्बीण खिडकीत सुतारकामाच्या शेगड्यात घट्ट आवळली आणि तिची फुली गोठ्याच्या दारातल्या मोठ्या खिळ्यावर आणली. मग दुर्बिणीला हात न लावता नुसतं डोकं डावी-उजवीकडे नेलं. खरंच रे. दुर्बीण दगडासारखी स्थिर आणि फुली मात्र खिळ्यावरून इकडून तिकडे चालत होती. मग मला दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी एक कडं सापडलं, त्यावर आकडे. मी ते कारखान्याचे आकडे समजलो होतो. कडं दीडशेवर होतं. फिरवून पंचवीसवर आणलं, गोठ्याचं दार तेवढ्याच अंतरावर आहे. खिळा स्वच्छ झाला आणि फुली त्याला चिकटली ती चिकटलीच. डोकं कुठेही न्या, हलायला तयार नाही. म्हणजे उपाय दुर्बिणीच्या तोंडावरच होता. तेव्हा तुझ्यावरचा अर्धा आरोप मी मागे घेतो. उरलेला अर्धा तू मला ते कडं दाखवलं नाहीस याबद्दल आहे.

पण तार वाकडी ती वाकडीच. कडं कितीही फिरवलं, पट चारवर आणली, तरी उभी तार पोट काढते आणि डाग खिळ्याचं डोकं खातो. हे पॅरॅलॅक्स नव्हे, आता मला त्यातलं कळतं. हा सरळसरळ माल खराब आहे. म्हणून माझं म्हणणं असं की सदोष दुर्बिणीने झालेली स्पर्धा स्पर्धाच नव्हे. बंदूक परत आली पाहिजे. दुर्बीण मी याच टपालाने परत पाठवतोय. ती ब्राइसला दाखव, त्याला म्हणावं आता मधोमध डोळा ठेवून बघ.

तुझा धाकटा आणि सध्या नि:शस्त्र भाऊ,
व्हर्लन

ता. क. दुर्बीण पाठवलेली नाही. पाकीट चिकटवण्याआधी लिओटाने पत्र वाचलं (आमच्या घरातलं टपाल तिच्या नजरेखालून जातं). मग खिडकीशी जाऊन दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाली, तार तर सरळ आहे. मी म्हटलं तुला त्यातलं काय कळतं. ती म्हणाली, "मला नाही कळत. तू दुसऱ्या डोळ्याने बघ." मी डाव्याने पाहिलं. मग कोठीपाशी जाऊन उजवा डोळा मिटून हर्शेलच्या चौकटीकडे पाहिलं. खांब ओळंब्यासारखा सरळ होता.

ता. क. दुसरं. पत्र दहा दिवस पडून राहिलं. लेक्सिंग्टनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने बारीक चौकटींचा एक कागद समोर धरला, उजव्या डोळ्याने बघायला सांगितलं, आणि विचारलं मधल्या रेषा कशा दिसतात. मी म्हटलं तुमच्या छापखान्याला सांगा. तो हसला नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणाला. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. इंजेक्शनं देऊन थांबवता येईल तेवढं थांबवू, पण गेलं ते परत येणार नाही. थोडं आधी आला असतात तर, असंही म्हणाला, आणि मी मेपासून कोणाकोणाला वाकडं म्हणत होतो ते सगळं माझ्या डोक्यातून गेलं. ब्राइसला सांग, बंदूक त्याचीच. न्यायाने जिंकलाय. त्याने मला सांगितलेला उपाय बरोबर होता, फक्त मधोमध ठेवायला माझ्याकडे मधलं राहिलेलं नाही. मी फार कडवट झालोय, दादा, आणि या वेळी दोष द्यायला कोणी सापडत नाही. हर्शेलकडे उद्या जाईन. काय बोलावं ते सुचलेलं नाही, पाय नेतील.

ता. क. तिसरं, आणि लिओटाला हे दाखवलेलं नाही. डॉक्टरने विचारलं, घरात कोणाला होतं का, हे रक्तातून येतं. मी नाही म्हणालो. परत येताना चर्चवरून आलो, तर सुळका डाव्या डोळ्याला अगदी सरळ आहे. बाबांना कंटाळा आला नव्हता रे. त्यांना खार दिसत नव्हती, आणि ते आपल्याला कळू नये म्हणून त्यांनी तो सगळा नियम काढला. आणि आपण ती बंदूक हसत हसत उचलली.

म्हणून विचारतो. ही दुर्बीण तू स्वतःसाठी घेतली होतीस. एक हंगाम वापरून मला का पाठवलीस? तुझा गुडघा खरंच दुखतो का? मी फोनवर तार वाकडी आहे म्हटलं तेव्हा तू गप्प का झालास? मला रागवायचं नाही. राग या पत्रात संपला. आत्ता हे पत्र खाली ठेव आणि तुझ्या दाराच्या चौकटीसमोर उभा राहा. आधी उजवा डोळा मीट, मग डावा. काय दिसलं ते वहिनींना लिहायला सांगू नकोस, स्वतः लिही, अक्षर कसंही आलं तरी चालेल. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. मी तुला न्यायला येतो, गाडी लिओटा चालवेल.